पाटील मास्तर ते कर्मवीर

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव उच्चारले की रयत शिक्षण संस्थेचा विशाल वटवृक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. पांढरीशुभ्र दाढी, अंगावर जाडीभरडी खादी, हातात काठी आणि भोवती खेड्यापाड्यांतील मुलांचा मेळा, अशी ती परिचित मूर्ती आहे. परंतु वटवृक्षाचे बीज अत्यंत सूक्ष्म असते. भाऊरावांच्या शैक्षणिक कार्याचे बीजही असेच लहान होते. शालेय शिक्षण अपुरे राहिलेला, हाती कोणतेही प्रमाणपत्र नसलेला, विशी नुकतीच ओलांडलेला एक तरुण साताऱ्यात दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्या देऊ लागला, तेथून या महान कार्याचा आरंभ झाला. त्या काळी लोक त्यांना कर्मवीर म्हणत नसत. ते केवळ पाटील मास्तर होते. त्यांच्या चरित्रातील हे पहिले प्रकरण काहीसे दुर्लक्षित राहिले आहे. वस्तुतः पुढील सर्व प्रकरणांचा अर्थ त्यातच दडलेला आहे.

जन्म व संस्कार

भाऊरावांचा जन्म दिनांक २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबली तीर्थक्षेत्रामुळे कुंभोजचे नाव समस्त जैन समाजाला परिचित आहे. वडिलांचे नाव पायगोंडा व मातोश्रींचे नाव गंगाबाई. घराणे दिगंबर जैन. मूळ पुरुष दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीकडून आले व पुढे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे हे घराणे स्थिरावले, असे सांगितले जाते. पायगोंडा पाटील हे सरकारच्या महसूल खात्यात नोकरीस होते. नोकरीतील बदल्यांमुळे मुलाच्या शिक्षणाचे ठिकाणही बदलत राहिले.

घरात व्रतवैकल्ये, देवदर्शन, रात्रिभोजनत्याग असे धर्माचरणाचे वातावरण होते. तथापि लहानग्या भाऊरावांची वृत्ती शांत, आज्ञाधारक विद्यार्थ्याची नव्हती. अंगी बळ होते, मनात निर्भयता होती आणि अन्याय दिसला की स्वस्थ बसणे त्यांना जमत नसे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची आठवण प्रसिद्ध आहे. पुस्तकातील धडा त्यांना लवकर पाठ होत नसेल. परंतु माणसाचे दुःख मात्र त्यांना एका दृष्टिक्षेपात वाचता येत असे.

कोल्हापूरचे दिवस

पुढील शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये घालण्यात आले. राहण्याची व्यवस्था तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये झाली. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या काळी उभी राहत होती आणि जैन बोर्डिंग हे त्यांतील एक प्रमुख वसतिगृह होते. पुढे मोठ्या नावारूपास आलेले विद्वान व समाजधुरीण अण्णासाहेब लठ्ठे हे बोर्डिंगचे व्यवस्थापन पाहत असत.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. त्याच्या उद्घाटन समारंभास भाऊराव गेले. तेथून परत आल्यावर स्नान करूनच भोजनास बसावे, असा बोर्डिंगचा दंडक सांगण्यात आला. भाऊरावांनी तो मानला नाही. माणसाच्या सहवासाने माणूस अपवित्र होतो हे त्यांच्या बुद्धीला पटेना. प्रकरण विकोपास गेले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

हा प्रसंग जैन समाजाने आवर्जून स्मरणात ठेवावा असा आहे. समाजाच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या वास्तूतून समाजाच्याच एका गुणी मुलाला बाहेर पडावे लागले, आणि तेही भगवान महावीरांच्या समतेच्या उपदेशाला अनुसरून वागल्याबद्दल! काळ तसा होता, रूढी तशा होत्या, हे खरे. परंतु रूढी आणि धर्म यांतील भेद त्या वेळी एका विद्यार्थ्याला दिसला व वडीलधाऱ्यांना दिसला नाही, हेही तितकेच खरे.

बोर्डिंग सुटल्यावर शाहू महाराजांनी भाऊरावांना आपल्या आश्रयास घेतले. राजवाड्याच्या सान्निध्यात त्यांचे काही दिवस गेले. महाराजांचे समाजकारण, बहुजनांच्या शिक्षणाविषयीची त्यांची तळमळ भाऊरावांनी जवळून पाहिली. एवढी शिदोरी मिळाली. मात्र शाळेतील प्रगती यथातथाच राहिली. इंग्रजी सहावीच्या वर्गाशी त्यांची गाडी अडली. गणित हा विषय त्यांना जड जाई. त्यांना वरच्या वर्गात घालावे, अशी सूचना खुद्द महाराजांकडून झाली असताही गणिताच्या शिक्षकांनी ती मानली नाही, अशी आठवण सांगितली जाते. राजाच्या शब्दापुढेही न नमणारा तो शिक्षक आणि अपयश पदरी घेऊन बाहेर पडणारा तो विद्यार्थी, दोघेही आपापल्या परीने सच्चेच म्हटले पाहिजेत.

साताऱ्यातील शिकवण्या

शिक्षण थांबले. भाऊराव वडिलांकडे परत आले. पायगोंडा पाटील त्या वेळी सातारा जिल्ह्यात कोरेगाव येथे होते. सरकारी नोकरीतील पापभीरू गृहस्थ, मुलाने मॅट्रिक व्हावे, एखादी कारकुनी धरावी, संसाराला लागावे, एवढीच त्यांची अपेक्षा असणार. परंतु मॅट्रिकचा दरवाजा बंद झालेला. घरी स्वस्थ बसून वडिलांच्या कष्टाची भाकरी खाणे भाऊरावांच्या मानी स्वभावास रुचणारे नव्हते. त्यांनी साताऱ्याची वाट धरली व शिकवण्या करून आपला चरितार्थ चालविण्याचे ठरविले.

आजच्या वाचकास यात विशेष काही वाटणार नाही. आज गल्लोगल्ली खाजगी शिकवण्यांचे वर्ग आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी मुले-मुलीही शिकवण्या करून आपला खर्च भागवितात. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्याचे चित्र निराळे होते. सातारा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. कचेऱ्या, न्यायालय, वकील, मामलेदार, कारकून, इनामदार आणि व्यापारी यांची वस्ती असलेले हे पेठांचे गाव. १८९९ साली तेथे न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले होते. इंग्रजी शिक्षण ही सरकारी नोकरीची गुरुकिल्ली होती. साहजिकच मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेत यशस्वी व्हावा म्हणून पांढरपेशा पालक धडपडत. ज्यांना परवडे ते मुलासाठी घरी मास्तर ठेवीत. दरमहा ठरावीक रक्कम, सकाळ-संध्याकाळची ठरावीक वेळ आणि परीक्षेतील यश हीच मास्तरांच्या योग्यतेची कसोटी, असा हा व्यवहार होता.

अशा गावात कोणी नवखा तरुण येतो. त्याच्यापाशी पदवी नाही. शिकविण्याचा अनुभव नाही. मागे एखाद्या प्रतिष्ठित शाळेचे नाव नाही. उलट स्वतःच परीक्षेत अडखळलेला. अशा तरुणावर पालकांनी आपल्या मुलाचे वर्ष का सोपवावे? व्यापारात नवीन दुकानदारास पहिले गिऱ्हाईक मिळविताना जी अडचण येते तीच येथेही होती. माल चांगला आहे हे सांगून पटत नाही. एकदा नेलेल्याने पुन्हा आले पाहिजे. शिकवणीतही एका घरचा मुलगा अभ्यासाला लागला, की मगच दुसऱ्या घरचे बोलावणे येते. अनुभव नसलेल्या शिक्षकाला अनुभव येण्याचा दुसरा मार्ग नाही. त्याने पहिल्या विद्यार्थ्यापुढे प्रामाणिकपणे बसलेच पाहिजे.

भाऊरावांनी हे साध्य केले. हळूहळू शिकवण्या वाढल्या व साताऱ्यात लोक त्यांना पाटील मास्तर या नावाने ओळखू लागले. मास्तर ही पदवी त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिली नव्हती. ती पालकांनी व विद्यार्थ्यांनी दिली होती.

याच सुमारास त्यांची गाठ मदवान मास्तर या ध्येयनिष्ठ शिक्षकाशी पडली. दोघांनी शिकविण्याची विभागणी केली. मदवान मास्तर इंग्रजी व गणित शिकवीत आणि भाऊराव संस्कृत शिकवीत. ही विभागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. जो विषय आपल्याला जड गेला तो शिकविण्याचा आव भाऊरावांनी आणला नाही. तो विषय जाणणारा सहकारी त्यांनी मानाने सोबत घेतला आणि आपल्याला जे देता येत होते तेवढेच दिले. नवख्या शिक्षकाची खरी परीक्षा येथेच होते. आपल्याला सर्व काही येते असे दाखविण्याचा मोह त्याला पडतो. कारण न येणे कबूल केले तर शिकवणी हातची जाईल अशी भीती असते. परंतु मुलांची फसवणूक फार दिवस टिकत नाही. ज्ञानाच्या व्यवहारातही मापात पाप चालत नाही.

संस्कृत हा विषयही लक्षणीय आहे. त्या काळी संस्कृतचे अध्ययन-अध्यापन बहुतांशी एका विशिष्ट वर्गाच्या हाती होते. शेतकरी-पाटील घराण्यातील एका जैन तरुणाने सातारसारख्या शहरात संस्कृतचा शिक्षक म्हणून उभे राहावे, ही त्या काळच्या मानाने साधी गोष्ट नव्हती. जैन घरांत भक्तामर स्तोत्र, तत्त्वार्थसूत्र यांच्या पठणामुळे संस्कृत वाणी लहानपणापासून कानांवर पडत असते. परंतु कानांवर पडणे वेगळे व इतरांना शिकवता येणे वेगळे. त्यासाठी शिक्षकाला स्वतःच पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. उद्या जो पाठ द्यावयाचा तो आज रात्री पक्का करावा लागतो. शाळेत जे मनापासून झाले नसेल ते शिकविण्याच्या निमित्ताने होते. म्हणूनच आपल्या पूर्वाचार्यांनी स्वाध्यायाच्या प्रकारांत केवळ वाचनाचा नव्हे, तर विचारणे, चिंतन करणे, पुन्हा पुन्हा म्हणणे आणि उपदेश करणे यांचाही समावेश केला आहे. दुसऱ्याला सांगितल्याने आपले ज्ञान निर्मळ होते.

अपयशाचाही एक उपयोग असतो. ज्याला सर्व काही सहज आले त्याला मंदगती मुलाची अडचण कळत नाही. तो चिडतो, रागे भरतो. जो स्वतः अडखळला आहे त्याला ठेच कोठे लागते हे ठाऊक असते. पुढील आयुष्यात भाऊरावांनी नापास झालेल्या, उनाड ठरलेल्या, कोणी जवळ न करणाऱ्या मुलांना ज्या मायेने जवळ केले, त्या मायेचे मूळ त्यांच्या स्वतःच्या अपयशातही शोधता येईल.

शिकवणीकडून वसतिगृहाकडे

शिकवण्यांतून भाऊरावांचा चरितार्थ चालू लागला. सामान्य मनुष्य येथे संतुष्ट झाला असता. नाव झाले आहे, महिन्याचे उत्पन्न आहे, वडिलांपुढे मान वर करून उभे राहता येते. एवढ्यावर एखाद्याचे सबंध आयुष्य सुखाने गेले असते. परंतु भाऊरावांचा पिंड वेगळा होता.

घरगुती शिकवणीची एक मर्यादा असते. मास्तर त्याच घरी जातो जेथून त्याला बोलावणे येते. आणि बोलावणे त्याच घरून येते जेथे द्यावयास पैसे आहेत. ज्याच्या घरी पाटीदेखील नाही, ज्याचे आईबाप पहाटे दुसऱ्याच्या शेतावर कामास जातात, त्या मुलाच्या दारी मास्तर कधीच जात नाही. शिक्षणाची गरज सर्वांत अधिक ज्याला आहे, त्याच्यापर्यंत शिकवणीचा व्यवहार पोहोचू शकत नाही. विहिरीचा रहाट मोडणाऱ्या भाऊरावांच्या नजरेतून हे निसटणे शक्य नव्हते. विहिरीवर जो न्याय, तोच विद्येच्या पाणवठ्यावर. पाणी आहे, परंतु काहींना ते भरता येत नाही.

१९१० साली भाऊराव, मदवान मास्तर, भाऊसाहेब कुदळे, नानासाहेब येडेकर आदी मंडळींनी एकत्र येऊन वारणाकाठच्या दुधगाव येथे दुधगाव शिक्षण मंडळाची स्थापना केली व सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी तेथे वसतिगृह सुरू केले. शिकवणीच्या निमित्ताने जुळलेला स्नेह अशा रीतीने संस्थारूप झाला. ज्या मुलांपर्यंत मास्तर जाऊ शकत नव्हते, ती मुले मास्तरांपाशी येऊन राहू लागली. भाऊरावांच्या खऱ्या शैक्षणिक कार्याचा आरंभ हाच होय.

कोल्हापूरच्या बोर्डिंगमधून बाहेर पडल्यानंतर अवघ्या काही वर्षांत त्यांनी हे केले, हे येथे ध्यानात घ्यावे. झालेल्या अपमानाचे उत्तर त्यांनी निंदानालस्तीने दिले नाही. ज्या वसतिगृहात जात विचारून पंगत बसत नाही असे वसतिगृह उभे करून त्यांनी ते दिले.

सत्याची कसोटी

१९१४ साली भाऊरावांच्या जीवनात एक भीषण प्रसंग आला. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यास कोणी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्या व्यवस्थापनाखालील बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्यांच्याविरुद्ध केवळ चार शब्द बोलावयाचे होते. सूडाची इच्छा असती तर ही संधी आयती चालून आली होती. परंतु ती साक्ष खोटी होती. भाऊरावांनी नकार दिला. त्यांना कोठडी भोगावी लागली, छळ सोसावा लागला. खोटे बोलण्यापेक्षा मरण बरे, या टोकापर्यंत त्यांचे मन गेले व त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर ते या दिव्यातून बाहेर पडले. लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही.

सत्य व क्षमा ही दशलक्षण धर्मातील लक्षणे आपण पर्युषण पर्वात दरवर्षी ऐकतो. ती प्रत्यक्ष आचरणात आणण्याची वेळ आली तर काय करावे लागते, याचा हा वस्तुपाठ आहे.

काले ते सातारा

त्यानंतर भाऊरावांनी उदरनिर्वाहासाठी फिरत्या विक्रेत्याचे काम केले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर, ओगले यांच्या कारखान्यातील काचसामान यांच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत त्यांनी खेड्यांचे दैन्य पाहिले. शेतकऱ्याच्या दारात उभे राहून नांगराचा उपयोग पटवून देताना त्यांना त्याचे कर्ज, त्याचे अज्ञान व त्याच्या मुलांचे रिकामे हात दिसले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होताच. सर्व दुःखांच्या मुळाशी अविद्या आहे, ही त्यांची खूणगाठ पक्की झाली.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तेथे झालेल्या विचारविनिमयातून दिनांक ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले व नेर्ले येथे वसतिगृहे सुरू झाली. १९२४ साली भाऊरावांनी संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास हलविले. ज्या शहरात पाटील मास्तर शिकवण्या करीत असत, त्याच शहरात आता ते निराळ्याच नात्याने परत आले. येथील वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्याचा नामकरण समारंभ १९२७ च्या फेब्रुवारी महिन्यात महात्मा गांधींच्या हस्ते झाला. मराठा, महार, मांग, मुसलमान, ब्राह्मण, जैन अशी सर्व मुले येथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीत जेवत.

या कार्यात भाऊरावांच्या धर्मपत्नी सौ. लक्ष्मीबाई यांचा वाटा अर्ध्याहून अधिक मानावा लागेल. कुंभोजच्या पाटील घराण्यातील ही सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली लेक. लग्नापूर्वीचे नाव अदक्का. पतीने ज्या मुलांना घरी आणले त्यांची जात न विचारता ती त्यांची आई झाली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने एकेक करून तिने काढून दिले आणि अखेरीस सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. मंदिराच्या जीर्णोद्धारास सुवर्ण देणाऱ्या माउल्या आपल्या समाजात पुष्कळ होऊन गेल्या. परक्यांच्या लेकरांच्या भाकरीसाठी मंगळसूत्र देणारी ही माउली त्यांच्या पंक्तीत अग्रभागी शोभेल.

शिकवणी करून स्वतःचे पोट भरताना भाऊरावांना एक तत्त्व सापडले होते. विद्या व श्रम यांत विरोध नाही. श्रमाच्या बळावर विद्या मिळविता येते. हेच तत्त्व त्यांनी कमवा व शिका या योजनेच्या रूपाने सहस्रावधी विद्यार्थ्यांना दिले. मुले शेतात राबत, दळण दळत, खडी फोडीत, स्वतःचे कपडे स्वतः धूत आणि शिकत. फुकट मिळालेल्या विद्येपेक्षा घामाने मिळविलेली विद्या माणसाला ताठ उभे करते, ही त्यांची श्रद्धा होती. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले व वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह झाले.

शिक्षक घडविणारा शिक्षक

भाऊरावांच्या कार्याचा आणखी एक पैलू त्यांच्या साताऱ्यातील पहिल्या दिवसांशी जोडला गेलेला आहे. खेडोपाडी शाळा काढावयाच्या तर शिक्षक कोठून आणावयाचे, हा प्रश्न होता. शहरातील शिकलेले लोक खेड्यात जाण्यास तयार नसत. कोणत्याही प्रशिक्षणावाचून ज्याने स्वतः शिकविण्यास आरंभ केला होता, त्याला हे पक्के ठाऊक होते की तळमळ ही पहिली गोष्ट आहे, परंतु केवळ तळमळीवर भागत नाही. चुका करीत, ठेचा खात जे आपण शिकलो ते पुढील पिढीच्या शिक्षकांना पद्धतशीरपणे शिकावयास मिळाले पाहिजे.

१९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यातील मुलेच शिक्षक होऊन खेड्यात परत जाऊ लागली. पुढे स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले आणि १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशनची स्थापना झाली. शिक्षकांचा असा पुरवठा सुरू झाल्यामुळेच खेड्यांत शेकडो शाळा चालविणे शक्य झाले. एक अप्रशिक्षित तरुण मास्तर सहस्रावधी प्रशिक्षित शिक्षकांचा कुलगुरू झाला.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व वसतिगृहयुक्त हायस्कूल सुरू झाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज व १९५४ साली कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज यांची भर पडली. वऱ्हाडापासून कोकणापर्यंत कीर्तनांतून शिक्षणाचा महिमा गाणाऱ्या गाडगे महाराजांचा भाऊरावांवर फार लोभ होता. दोघेही औपचारिक विद्येने लहान. पण दोघांनीही विद्येसाठी आपले सर्वस्व वेचले.

१९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब जाहीर केला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. इंग्रजी सहावीत अडलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे विद्यापीठाची सर्वोच्च पदवी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, दिनांक ९ मे १९५९ रोजी, पुण्यातील ससून रुग्णालयात त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. त्यांनी मागे वैयक्तिक मालमत्ता ठेवली नाही. अपरिग्रह व्रताचा याहून स्पष्ट अर्थ कोणता सांगावा?

उपसंहार

आहारदान, औषधदान, अभयदान व ज्ञानदान अशी चार दाने आपल्या धर्मात सांगितली आहेत. भाऊरावांच्या वसतिगृहात ही चारही दाने एका छपराखाली नांदत होती. भुकेल्यास भाकरी, आजाऱ्यास शुश्रूषा, भेदरलेल्या दलित मुलास अभय आणि सर्वांना विद्या. परंतु त्या दात्याने आरंभ मोठ्या रकमेने केला नव्हता. त्याच्यापाशी द्यावयास होते ते थोडेसे संस्कृत आणि दिवसातील काही तास.

आज समाजातील अनेक तरुण-तरुणी अशाच उंबरठ्यावर उभे असतात. गुण थोडे कमी पडलेले असतात, नोकरी मिळालेली नसते, अनुभव विचारला तर सांगण्यासारखे काही नसते. घरातील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावरील काळजी त्यांना दिसत असते. त्यांनी पाटील मास्तरांचे स्मरण करावे. आपल्याला येत असलेली एक गोष्ट, न येणाऱ्या एका मुलास मनोभावे शिकविण्यापासून प्रारंभ करावा. जे येत नाही ते प्रांजळपणे कबूल करावे व ते जाणणाऱ्यास सोबतीला घ्यावे. चार पैसे मिळाले तर तेही मानाने घ्यावेत. श्रमाचा मोबदला घेण्यात कमीपणा नाही. आणि मग एक दिवस, ज्याच्या घरून बोलावणे येऊ शकत नाही अशा मुलाचे दार आपण होऊन ठोठवावे.

वडीलधाऱ्यांसाठीही या चरित्रात एक बोध आहे. समाजाच्या वास्तू, वसतिगृहे, पाठशाळा उभ्या करणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु त्या वास्तूंच्या दारातून एखादा भाऊराव बाहेर जाणार नाही, एवढी दक्षता घेणे हे त्याहूनही मोठे कर्तव्य आहे. नियम करताना माणूस मोठा की दंडक मोठा, हा प्रश्न प्रत्येक पिढीने स्वतःला विचारला पाहिजे.

ज्यांनी कटुतेचे उत्तर कार्याने दिले, अपयशाचे रूपांतर अनुकंपेत केले आणि विद्येचा पाणवठा सर्वांसाठी खुला केला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पवित्र स्मृतीस कोटी कोटी वंदन.